आईंना विचारलंय का कुणी?

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यावर कर्करोग रुग्णांचाही उल्लेख असतो. मीरा रोड-भाईंदरहून परळच्या टाटा रुग्णालयात ये-जा करणाऱ्या घरांना हा डबा चांगला ठाऊक आहे. सकाळच्या विरार फास्टमध्ये मीरा रोडला धडधाकट माणसालाही पाय ठेवायला मिळत नाही. बसायला जागा हवी म्हणून कितीतरी माणसं आधी उलटी भाईंदरला जातात आणि तिथून सुटणारी गाडी पकडतात. किमो घेतलेल्या माणसाने हे कसं करायचं? रुग्णालयाकडून मिळालेला कागद जवळ असला की त्याला या डब्यात बसता येतं. उपचार पुरे होण्यात औषधांइतकाच या प्रवासाचाही वाटा असतो, हे आमच्या भागात निराळं सांगावं लागत नाही.

आमच्या मीरा रोडच्या शांतीनगरातल्या एका घरात वाद पेटला तो याच डब्यावरून. नावं देत नाही, नात्यानेच ओळख करून देते. वहिनी शाळेत शिकवत होत्या. काही वर्षांपूर्वी त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन, किमो, किरणं सगळं झालं, आज त्या बऱ्या आहेत. त्यांचे यजमान नोकरीनिमित्त मस्कतला. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. आणि सासूबाई, म्हणजे आई, सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या संगमेश्वराकडच्या. लहानपणापासून मशेरी लावणाऱ्या. डाव्या गालात आतून जखम झाली होती, तीन महिने भरेना. तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी आधी ऑपरेशन आणि नंतर किरणं सुचवली. आईंना मात्र ‘दाढेची गाठ’ एवढंच सांगितलेलं. त्या दुपारी त्या लेकीकडे नालासोपाऱ्याला गेल्या होत्या, म्हणून हे बोलणं मोठ्या आवाजात होऊ शकलं. मी शेजारीण, दोघांच्याही विश्वासातली, म्हणून मला उठू दिलं नाही.

भाऊजी : आईला लोकलने न्यायचं नाही. मी टॅक्सी करीन. पैशाचं मी बघतो.

वहिनी : रोज टॅक्सी? भाऊजी, किरणं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे. दहिसर चेकनाक्याला एकदा अडकलात की आई गाडीतच कावून जातील. लोकलने दादर गाठायचं आणि तिथून टॅक्सी करायची. मी केलंय ना सगळं.

भाऊजी : तुम्ही केलंत. पण आई त्या डब्यात चढताना वर काय लिहिलंय ते वाचेल. सातवी शिकलीय ती, रोज पेपर वाचते.

वहिनी : आणि टाटाच्या दारावरचं नाव वाचणार नाहीत?

भाऊजी : तिथे तपासण्या चांगल्या होतात म्हणून आणलं, असं सांगेन.

वहिनी : संगमेश्वरातल्या बाईला टाटा म्हणजे काय ते तुम्ही सांगणार?

वहिनींचं खरं आहे. कुणाला टाटाला नेलं एवढं कानावर आलं की गावाकडे माणसं पुढचं विचारत नाहीत. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यानंतर वर्षभरात त्यांचे यजमान दोराबजी टाटाही गेले. या रोगावर इथेच, आपल्या माणसांसाठी चांगले उपचार असावेत या विचारातून त्यांच्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय उघडलं. १९६२पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशभरातून माणसं तिथे येतात, नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, तेही नाही मिळालं तर फुटपाथवर पथारी टाकतात. त्यांच्या मानाने मीरा-भाईंदरचा रुग्ण सुखी म्हणायचा: रात्री आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर झोपतो. पण घरी राहतो म्हणूनच त्याच्यापासून गोष्टी लपवायला माणसंही भरपूर असतात.

भाऊजी : वहिनी, मी खोटं बोलायची हौस म्हणून हे करत नाहीये. आमच्या कारखान्यात एक पॉलिशवाला होता. रिपोर्ट हातात पडला त्या दिवसापासून त्याने जेवण सोडलं. दोन महिन्यांत गेला. रोगाने नाही गेला, धसक्याने गेला.

वहिनी : त्याची स्टेज कुठली होती, माहितीय तुम्हाला?

भाऊजी : मला स्टेजबिज कळत नाही. माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला मी पाहिलाय, तेवढं पुरे. तुम्ही खंबीर आहात. सगळे तुमच्यासारखे नसतात.

वहिनी : मी खंबीर नव्हते हो. तुमचे दादा डॉक्टरांशी बाहेर बोलून यायचे आणि मला म्हणायचे, सगळं ठीक आहे. मग मी त्यांच्या चेहऱ्यावरून ताडायचे. रात्री त्यांचा फोन वाजला की मी जागी. तो महिना किमोपेक्षा वाईट गेला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठ केवढी, काखेत कुठे पसरलंय, काय काय करणार. त्या रात्री मी खूप रडले आणि झोपलेसुद्धा.

भाऊजी : आणि सोसायटीत कळल्यावर काय झालं? हळदीकुंकवाला तुम्हाला बोलावणं बंद झालं. एका घरात तुमच्यासाठी वेगळा पेला ठेवायला लागले. नालासोपाऱ्याच्या ताईने घरातलं लग्न ठरवताना तुमचा आजार लपवला, आठवतंय?

वहिनी : आठवतंय. त्याचा राग अजून गेला नाही. पण भाऊजी, तो दोष माझ्या कळण्याचा नव्हता. त्यांच्या न कळण्याचा होता.

कर्करोग शिवल्याने, एका पेल्यातून पाणी प्याल्याने पसरत नाही. शिकलेल्या घरांतूनही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. भाऊजींच्या मनातही अशी एक समजूत होती. बोलता बोलता ते म्हणाले, “तुकडाच काढायला नको होता. लोखंड लागलं की पसरतं म्हणतात.” या एका वाक्यापायी आपल्याकडे किती महिने फुकट जातात! तोंडातल्या जखमेचा तुकडा तपासल्याशिवाय ती कसली आहे हे ठरत नाही, आणि ठरल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत. तुकडा काढल्यानंतर रोग वाढलेला दिसतो तो बहुधा मधल्या काळात कुणीतरी घाबरून घरी बसल्यामुळे.

वहिनी : बरं, ऑपरेशनच्या आधी फॉर्मवर सही कोण करणार?

भाऊजी : मी करीन. मुलगा आहे मी.

वहिनी : आई शुद्धीत आहेत, वाचता येतं. सही त्यांचीच लागते. फॉर्म मराठीत असतो. गालाचा भाग काढणार, लागलं तर जबड्याचं हाड, मानेतल्या गाठी, असं सगळं त्यात लिहिलेलं असेल. दाढेच्या गाठीसाठी कुणी मानेला छेद देतं का?

इथे भाऊजी गप्प झाले. कायदाही वहिनींच्याच बाजूचा आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये हे स्पष्ट केलं: रुग्ण सज्ञान आणि शुद्धीत असेल तर त्याची स्वतःची संमती हवी, तातडीचा प्रसंग सोडला तर नातेवाइकाची चालत नाही, आणि संमती द्यायची तर काय करणार, कशासाठी, त्यात धोका काय, हे त्याला पुरेसं सांगितलेलं हवं. आपल्याकडे मात्र बाहेरच्या बाकड्यावर आईला बसवून आत मुलगा, जावई, पुतण्या डॉक्टरांना गराडा घालतात. प्रेमानेच घालतात. पण ज्याच्या तोंडाचं ऑपरेशन, तो बाकड्यावर.

वहिनी : ऑपरेशन झालं, पुढे किरणं. मी किरणांना जायचे तेव्हा तोंडाचे, घशाचे पेशंट शेजारी असायचे. त्यांचा मास्क कसा बनवतात, पाहिलंय मी. प्लास्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर दाबून बसवतात. पाच-दहा मिनिटांत ती नाकाडोळ्यांच्या आकारात कडक होते. मग रोज त्या टेबलावर झोपायचं, तो मास्क चेहऱ्यावर चढवून टेबलाला पक्का करतात, डोकं तसूभर हलता कामा नये म्हणून. आणि सगळे बाहेर जातात. आत एकटं. फळीवर सगळ्यांचे मास्क नावं लिहून ठेवलेले असतात, ओळीने. तुम्ही आईंना काय सांगणार? शेक देतायत?

भाऊजी : शेकच सांगणार होतो.

वहिनी : ज्या बाईला का, कशासाठी ते माहीत आहे ती डोळे मिटून रामरक्षा म्हणेल आणि दहा-पंधरा मिनिटं निभावून नेईल. जिला माहीत नाही तिला काय वाटेल, विचार करा.

भाऊजी : मी नुसता तिचा जीव वाचवायला बघतोय हो.

वहिनी : मीही. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलून निघेल. लाळ सुटणार नाही, चव जाईल, मीठ-तिखट लागणार नाही. भाताची पेज, नाचणीचं आंबील, दुधात भिजवलेली भाकरी, तेही चमच्या-चमच्याने. कदाचित नाकातून नळी. त्या दिवसांत ‘आणखी पंधरा दिवस सोसा, यासाठी सोसा’ असं मी त्यांना सांगू शकले तर त्या सोसतील. दाढेच्या गाठीसाठी एवढं कोण सोसेल? त्या मध्येच उपचार सोडतील. सोडणारे असेच सोडतात.

माझ्या मते वादाचं सगळ्यात मोठं वजन इथे होतं. भाऊजींनीही ते तोललं असावं, कारण त्यांनी बाजू बदलली नाही, पण मुद्दा बदलला, आणि आतलं खरं बाहेर आलं.

भाऊजी : तिला कळलं की मशेरीने झालं, मग? ती स्वतःलाच बोल लावत बसेल. आधी रोगाचं दुःख, वर हे. कशाला?

वहिनी : त्यांनी मशेरी कुणाच्या सांगण्यावरून सुरू केली? दहा-बारा वर्षांची पोर होती. दात दुखतात म्हणून आईनेच बोटाला लावून दिली असेल. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास या घरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहे. कुणी कधी बोललं? मी तरी बोलले?

भाऊजी : गेली पंधरा वर्षं तंबाखू मी आणून देतोय. भाईंदर मार्केटातून. दर महिन्याला.

वहिनी : (थोड्या वेळाने) ठाऊक आहे मला.

भाऊजी : ती एकदाही मला म्हणणार नाही, तुझ्यामुळे झालं म्हणून. पण मला ते तिच्या तोंडाकडे बघून रोज ऐकू येईल.

वहिनी : म्हणजे लपवायचं ते आईंपासून नाही.

या बोलण्यात मी मध्ये पडले नाही, लिहिताना मात्र पडते. तंबाखूचं नाव काढलं की आपण व्यसनी माणसाला बोल लावून मोकळे होतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात चारपैकी एकाहून अधिक प्रौढ माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळली, आणि त्यातली बहुतेक ओढणारी नव्हे, चघळणारी किंवा लावणारी होती. मशेरी ही तर बायकांची, घरातली, सकाळची गोष्ट. तिला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली. तेव्हापासून सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन माणसं त्या हातावर एकत्र करायला लागली. आणि नुसती सुपारी निर्धोक असते ही तर फार मोठी फसवणूक आहे. तंबाखूचा कणही नसलेली सुपारी माणसात कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलेलं आहे. सत्तरीपुढच्या बाईला या सगळ्याचा जाब विचारणारे आपण कोण? तिला कळलंच तर तिच्याशी बोलायला कुणीतरी हवं, जो म्हणेल, आई, तुझं काही चुकलं नाही, आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. भाऊजींनीच हे म्हणावं असं मला वाटतं. त्यांच्या तोंडून आलेलं आईंना पोचेल.

वहिनी : तुमच्या शर्टाच्या खिशात काय आहे?

भाऊजी : सुपारी. तंबाखू नाही.

वहिनी : तोंड उघडा. तीन बोटं उभी धरून आत घाला.

भाऊजींनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, मग खरोखर घातली. दोन बोटं गेली. तिसरं दाताला अडलं. निरोगी माणसाचं तोंड स्वतःची तीन बोटं उभी मावतील एवढं उघडतं. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठर होत जातं, तोंड आखडतं, आधी तिखट झोंबायला लागतं. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था आहे. इथे सुपारी थांबवली आणि दाखवत राहिलं तर पुढचं पुष्कळ टळतं.

वहिनी : तिखट झोंबतं?

भाऊजी : वर्षभर. मला वाटलं, बायकोने मसाला बदलला.

वहिनी : या आठवड्यात दाखवायचं.

भाऊजी : नको. शोधायला गेलं की सापडतंच. आणि ऐका, मला काही निघालं ना, तर मला सांगू नका. तुम्ही बघून घ्या, मला हवं ते करा, पण मला नाव सांगू नका.

आधीच्या सगळ्या बोलण्यात मला भाऊजींची भूमिका प्रेमाची पण चुकीची वाटत होती. या वाक्याने मला थांबवलं. हा माणूस आईसाठी जे मागत होता तेच स्वतःसाठीही मागत होता. त्यात ढोंग नव्हतं. माहिती ही प्रत्येकाला हवीच असते असं आपण शिकलेले लोक गृहीत धरतो, आणि ते खरं नाही. काहींना सगळे आकडे हवे असतात, काहींना फक्त उद्या काय करायचंय ते, आणि काहींना आपल्या माणसाच्या हाती सोपवून मोकळं व्हायचं असतं. तोही त्यांचा हक्कच. पण तो हक्क ज्याचा त्याने वापरायचा. भाऊजींनी आत्ता वापरला, तोंड उघडून सांगितलं. आईंना तशी संधी कुणी दिली होती?

‘शोधायला गेलं की सापडतं’ याला उत्तर मात्र आपल्या महाराष्ट्रातच आहे. टाटा रुग्णालयाने १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी तपासणी व्हायची, तीही डॉक्टरांकडून नव्हे, दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या मुलींकडून. साधन म्हणजे व्हिनेगरसारखं पातळ आम्ल. ते गर्भाशयाच्या मुखाला लावायचं, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली हे निष्कर्ष जगापुढे आले. त्याआधी बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये झालेल्या अभ्यासात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तो २००९ साली छापून आला. तोंडाची तपासणी तर त्याहून सोपी. आरसा आणि उजेड पुरे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, आखडणारं तोंड. तिशीपुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात धरलेली आहे. वहिनींनी आपल्या मुलीला एचपीव्हीची लस दिली आहे. पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ आल्यापासून ती आपल्याकडेच बनते. भाऊजींच्या घरात मात्र कुणाच्या तोंडात कुणी कधी बॅटरी मारून पाहिलेलं नाही.

वहिनी : भाऊजी, तुम्ही आत्ता काय म्हणालात? मला सांगू नका. बरोबर?

भाऊजी : बरोबर.

वहिनी : नाही सांगणार. शब्द दिला. पण हे मला कसं कळलं? तुम्ही सांगितलंत म्हणून. आईंना हे विचारलंय का कुणी?

भाऊजी : असं कसं विचारायचं? विचारलं की कळलंच.

वहिनी : आईंना थोडंफार कळलेलं आहे. परवा मला म्हणाल्या, माझी पाटल्यांची जोडी नातीला द्यायची. दाढ दुखते म्हणून कुणी पाटल्या वाटतं? त्या आपल्याला जपतायत. तुम्ही त्यांना जपताय. आणि घरात कुणीच कुणाशी बोलत नाही.

भाऊजी : (बराच वेळ गप्प) पाटल्यांचं तिने मला नाही सांगितलं.

वहिनी : तुम्हाला कसं सांगतील?

भाऊजी : पण वहिनी, एक सांगा. आज विचारलं, ती म्हणाली सांग, आपण सांगितलं. मग तिला वाटलं, उगाच ऐकलं. परत घेता येतं का ते?

या प्रश्नाला वहिनींकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. म्हणूनच एका बैठकीत सगळं ओतायचं नसतं. आईंनी विचारलं तेवढं सांगावं, थांबावं, पुढचं त्यांना विचारू द्यावं. मला वहिनींची बाजू पटते, पण भाऊजींनी घातलेला हा ब्रेक मला हवासा वाटतो. खरं सांगण्याच्या उत्साहात माणसाला त्याच्या श्वासापुरती जागाही न ठेवणारे नातेवाईकही मी पाहिलेत.

भाऊजी : आणि रुग्णालयाच्या चिठ्ठीवर लिहिलंय, पॅलिएटिव्हवाल्यांना भेटा. म्हणजे डॉक्टरांनीच हात टेकले ना?

वहिनी : मीही गेले होते त्यांच्याकडे. मी मेले का? दुखणं, झोप, मळमळ, भीती, हे सगळं ते बघतात. उपचार चालू असतानाच. दुखणं आवरलं तर आई जेवतील, जेवल्या तर किरणं झेपतील.

पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, हा गैरसमज फार खोलवर आहे. शेवटच्या दिवसांची काळजी हा त्या शाखेचा एक भाग आहे, आणि तोही महत्त्वाचा. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून ते काम करतंय, देशातलं ते अशा प्रकारचं पहिलं ठिकाण. पण वेदना शमवणं हे पहिल्या दिवसापासूनचं काम आहे. मीरा रोडच्या भक्तिवेदांत हॉस्पिटलातही ही सेवा आहे, म्हणजे प्रत्येक वेळी परळच गाठावं लागतं असंही नाही.

भाऊजी : पैशाचं काय? गावची कलमं विकतो म्हटलं तर दादा रागावेल.

वहिनी : आधी सोशल वर्करला भेटायचं. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट घेऊन जायचं. कलमांना हात लावू नका, आईंना ते समजलं तर त्या उपचारच नको म्हणतील.

भाऊजी : आणि तिचं मन? तुम्ही त्या बायकांच्या गटात जायचात. आई काय अनोळखी लोकांत बसून रडणार आहे?

वहिनी : रडायला नव्हते जात मी. सगळे मला सांगायचे, पॉझिटिव्ह राहा, रडू नका. घरात रडायची चोरी झाली होती. तिथे एक बाई भेटली, तिचे केस परत आलेले. तिने माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. हे बघा, म्हणाली, एवढेच महिने. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, पण माझा विश्वास बसला तो त्या केसांवर. आईंचं म्हणाल तर त्या नालासोपाऱ्याच्या गाडीत लेडीज डब्यात कुणाही बाईशी सुखदुःखं बोलतात. त्यांना अनोळखी माणूस चालतो. ओळखीच्यांपुढेच त्या गप्प होतात.

भाऊजी हसले. त्या दुपारचं ते पहिलंच हसू. मग त्यांनी अटी घातल्या, आणि मला त्या रास्त वाटल्या. गावाला कुणाला कळवायचं नाही, आई स्वतः म्हणेपर्यंत. स्टेजचा आकडा तिने विचारल्याशिवाय काढायचा नाही. डॉक्टरांपुढच्या खुर्चीत आई बसेल, पण तिच्या बाजूला भाऊजी. वहिनींनी एकच अट घातली: त्याच दिवशी भाऊजींचंही तोंड दाखवायचं. भाऊजींनी खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. सुपारी एका दुपारी सुटत नाही, तेही तितकंच खरं.

वहिनी : उद्या आई येतील. संध्याकाळी चहा झाला की तुम्ही विचारायचं.

भाऊजी : मी? तुम्ही विचारा ना. तुम्हाला बोलता येतं.

वहिनी : मी सून. मी विचारलं तर त्या माझ्याकडे बघून ठीक आहे म्हणतील. तुम्ही विचाराल तर खरं बोलतील.

भाऊजी : काय म्हणू?

वहिनी : म्हणा, आई, रिपोर्ट आलाय, डॉक्टरांनी उपचार ठरवलेत. तुला सगळं ऐकायचंय, की थोडं थोडं, की आम्ही बघू?

भाऊजी : ती म्हणाली, तुम्हीच बघा, तर?

वहिनी : तर आपण बघू. मी एक शब्द काढणार नाही. सहीच्या वेळी डॉक्टर त्यांना जेवढं सांगायला हवं तेवढं सांगतील.

भाऊजी : आणि तिने सरळ विचारलं, मी वाचणार का, तर?

वहिनी : तर डॉक्टर म्हणाले तेच सांगा. ऑपरेशन करण्यासारखं आहे म्हणूनच करतायत. नंतर किरणं आहेत, तोंडाला फार त्रास होईल, पण तो बराचसा ओसरेल. त्यापुढचं आज डॉक्टरांनाही ठाऊक नाही, हेही सांगा. खोटं हो म्हणू नका, त्या ओळखतील.

भाऊजी : आणि तंबाखूचं?

वहिनी : ते त्यांनी विचारलं तर. आणि तेव्हा मी उठून आत जाईन. ते तुम्हा दोघांचं आहे.

भाऊजी : मला हे सगळं लिहून द्या.

वहिनी : देते. पण वाचून दाखवू नका हं त्यांना.